नोंद सापडली नाही

रक्तपेढीत मी एकवीस वर्षं नोकरी केली, पण कुणाच्या दंडाला कधी सुई लावली नाही. हे सांगूनही लोकांना पटत नाही. आमच्या गावात अजून कुणाला चक्कर आली की शेजारपाजारचे मला बोलावून नेतात आणि त्या माणसाचा हात माझ्या हातात देतात. मी आपली हात धरून बसते. नाडी कशी मोजतात तेही मला धड येत नाही. माझं काम काँप्युटरचं होतं, आणि तेसुद्धा लोकांना समोर दिसतो त्या काँप्युटरचं नव्हे.

कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर आमची रक्तपेढी होती. एक ट्रस्ट ती चालवायचा. जिना चढून आलं की टेलिफोनचं टेबल, पुढं रक्तदात्यांचे पलंग, मग लॅब, आणि बोळाच्या टोकाला, जिथं पूर्वी जादा गाद्या रचून ठेवत, तिथं माझी खोली. खिडकी कायमची बंद, एसी चालू, कोपऱ्यात सर्व्हर. सर्व्हर म्हणजे बाकीचे काँप्युटर ज्याला विचारायला येतात तो काँप्युटर. रक्तदात्यांची नावं, गट, पत्ते, फोन, कुठली पिशवी कुठं गेली, सगळं त्याच्या पोटात. बाहेरच्यांना पडद्यावर रंगीत चौकोन दिसायचे. माझ्यासमोर काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. तिथं आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचं. चुकलं तर इंग्रजीत एक ओळ येते. बरोबर असलं तर बहुतेक वेळा काहीच येत नाही. दिवसभर असं बसून संध्याकाळी मंडईत भाजीवाल्यानं "काय देऊ, ताई?" विचारलं तरी बरं वाटायचं, कारण सकाळपासून मला कुणी काही विचारलेलं नसायचं.

मी आले होते टायपिंगसाठी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रक्तदात्यांची कार्डं काँप्युटरात भरायची होती आणि मला इंग्रजी टायपिंग येत होतं. ज्यानं आमचा प्रोग्राम लिहिला तो पुढं परदेशी गेला. जाताना एक वही माझ्या हातात ठेवून म्हणाला, "यात सगळं आहे." नव्हतं. उरलेलं मी स्वतः शिकले. विचारायला कोल्हापुरात कुणी असेलही, पण मला माहीत नव्हतं, आणि बाईमाणसानं जाऊन कुणाला काय विचारायचं हेही कळत नव्हतं.

माझ्या खोलीत लोक यायचे ते मे महिन्यात, गारव्याला. एकदा तालमीतले एक वस्ताद आले. नियमानं रक्त देणारा माणूस. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की यादीत त्यांचं नाव फार खाली आहे.

"अक्का, खाली का म्हणून?" ते दारातूनच म्हणाले. "माझ्याआधी कुनी एवढं रगात दिलंय सांगा."

यादी अक्षरांच्या क्रमानं लागते, तुमचं नाव य वरून आहे, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग क्रम बदला की." पुढं कित्येक वर्षं त्यांच्यासाठी मी एक वेगळी यादी छापायचे, किती वेळा रक्त दिलं त्या क्रमाची, आणि ती टेलिफोनच्या टेबलामागं लावायचे. ते येऊन वाचायचे, मान हलवायचे, रक्त देऊन जायचे. माझ्या कामाचं कौतुक करणारा तो बहुधा एकच माणूस.

आता माझ्या कामातला जो भाग या हकिगतीत येणार आहे तो सांगते. उद्यमनगरात पंप बनवणारा कारखानदार प्रत्येक बोल्ट स्वतः पाडत बसत नाही, तयार पेटी आणतो. प्रोग्रामचंही तसंच. नावं क्रमानं लावणं, दोन शब्द सारखे आहेत का ते बघणं, अशी कामं जगात कुणीतरी आधीच नीट लिहून ठेवलेली असतात. त्याला लायब्ररी म्हणतात आणि ती पेटीसारखी बांधून मिळते. सर्व्हरवर एक आज्ञा दिली की पेटी टेलिफोनच्या तारेवरून येते, उघडते, जागेवर बसते. दुसरी आज्ञा दिली की निघून जाते. तिसऱ्या आज्ञेनं जुनी जाऊन नवी येते. ऐकायला सोपं आहे. पण एका पेटीला दुसरी लागते, दुसरीला तिसरी, आणि कुठली कुणावर उभी आहे हे डोळ्यांनी दिसत नाही.

एकदा मी बिनकामाची वाटली म्हणून एक पेटी काढली. यंत्रानं विचारलं, हिच्याबरोबर आणखीही काही जातील, चालेल का? मी न वाचता हो म्हटलं. त्यात पिशव्यांवरची लेबलं छापणारा प्रोग्राम गेला. दिवसभर लॅबमधल्या हसीनाबाईंनी हातानं लेबलं लिहिली. त्या रागावल्या नाहीत, फक्त संध्याकाळी येऊन बोटांवरची शाई दाखवून गेल्या. त्या दिवसापासून मी कुठलीही पेटी बदलायच्या आधी जुनी वेगळ्या सीडीवर ठेवू लागले. वाचायची सवय मात्र लावून घेतली नाही.

पेटी आणायची म्हणजे आमच्या दोन टेलिफोनपैकी एक तास-दीड तास अडकायचा. म्हणून मी दुपारी दोननंतर, गर्दी ओसरली की हे करायचे. टेलिफोनवर बसणारे पाटीलमामा तेवढ्या वेळात दर दहा मिनिटांनी बोळातून ओरडायचे, "अक्का, सोडला का न्हाय फोन?"

ही गोष्ट पुढची, दोन हजार सालानंतरची. पावसाळ्याचे दिवस. शब्दांची तुलना करणाऱ्या आमच्या लायब्ररीत बाहेरच्याला आत शिरता येईल असं एक धोक्याचं भोक सापडलंय, सगळ्यांनी नवी आवृत्ती घ्यावी, असं ई-मेलवर आलं. मी दुपारी नवी पेटी मागवली. तिच्याबरोबर काय काय बदललं याची एक लांबलचक फाइल येते. ती मी उघडली, पहिल्या चार ओळी वाचल्या आणि बंद केली. मग चाचणी म्हणून ए, बी, एबी आणि ओ, चारही गटांचे रक्तदाते शोधून पाहिले. भराभर याद्या आल्या. मी वहीत तारीख घातली, समोर 'झालं' लिहिलं आणि पाटीलमामांचा फोन सोडला.

चार दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, महावीर चौगुले नावाचे गृहस्थ जयसिंगपूरच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन आले. त्यांचं गाव शिरोळकडचं. आदल्या दिवशी त्यांची बायको पद्मा बाळंत झाली होती, पहिली मुलगी, आणि रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा गट बॉम्बे ग्रुप. हा गट फार थोड्या लोकांचा असतो. साध्या तपासणीत तो ओ दिसतो, पण ओचं रक्त त्या माणसाला चालत नाही. त्याच गटाच्या माणसाचंच लागतं. असे रक्तदाते शोधून ठेवणं हा आमच्या रक्तपेढीचा अभिमान होता.

हसीनाबाईंनी पडद्यावर गट टाकून शोधलं. उत्तर आलं, 'नोंद सापडली नाही.' त्यांनी पुन्हा शोधलं. तेच. त्यांनी चौगुल्यांना सांगितलं की आमच्याकडं सध्या कुणी नाही, मिरजेला बघा, उशीर करू नका. ते जीप घेऊन लगेच निघाले.

मी तेव्हा बोळाच्या टोकाला दार लावून बसले होते. एसीच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.

दीड वाजता जेवणाचा डबा उघडला तेव्हा हसीनाबाई सहज म्हणाल्या, "आज बॉम्बेवाला एक आलता. आपल्याकडं न्हाईत म्हणून मिरजेला लावून दिला."

"न्हाईत कसे?" मी म्हटलं. "आहेत की. मीच भरलेत."

"मशीन न्हाय म्हनतंय."

मी डबा तसाच ठेवून उठले. काळ्या पडद्यावर शोधायचा प्रोग्राम बाजूला ठेवला आणि सरळ मूळ फाइलच उलगडून बघितली. पाच नावं होती. पाचही जिथल्या तिथं.

कारण कळायला पाच मिनिटं लागली. तो गट लिहिताना ओ मोठा आणि एच लहान लिहितात. डॉक्टरांच्या कागदावर तसं होतं, म्हणून सुरुवातीच्या काळात मीही तसंच भरलं होतं. शोधायच्या पडद्यावर मात्र सगळी अक्षरं आपोआप मोठी व्हायची. तीही सोय मीच करून घेतली होती. जुनी लायब्ररी लहान-मोठं सारखंच धरायची. नवीननं तसं धरणं सोडलं होतं. बाकी चारही गट नुसत्या मोठ्या अक्षरांचे, म्हणून माझ्या चाचणीत काही दिसलं नाही. मी ती बदलांची फाइल उघडली. नवव्या ओळीत हे स्पष्ट लिहिलं होतं.

त्या वेळी मला काय वाटलं ते लिहायला गेले तर खोटं होईल. काही वाटायला वेळ नव्हता. मी पाच नावं कागदावर उतरवून पाटीलमामांसमोर ठेवली. पहिला फोन बंद. दुसऱ्या गृहस्थांचं वय झालेलं, त्यांचं रक्त घेता येत नव्हतं. तिसरं नाव मल्लिकार्जुन शेटे, जयसिंगपूर, गुळाचं दुकान.

पाटीलमामांनी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी काय हवंय ते सांगितलं.

"पेशंट कुठं हाय?" शेट्यांनी विचारलं.

मी दवाखान्याचं नाव सांगितलं.

"म्याडम, त्यो दवाखाना माझ्या दुकानातनं दिसतोय की. सकाळधरनं मी हितंच बसलोय."

"तुम्हाला इकडं यावं लागेल. तपासणी इथं होते."

"येतो. दुकान उघडंच टाकून येतो."

ते तीन वाजता आले. चौथा माणूस इचलकरंजीहून आला. रक्त घेतलं, तपासण्या केल्या, आणि साडेचारला आमची गाडी दोन पिशव्या घेऊन निघाली. दुपारपासून लागत नसलेला दवाखान्याचा फोन तेव्हा कुठं लागला. तिथल्या नर्सनं सांगितलं की मिरजेला रक्त मिळालं नाही आणि वाट बघणं शक्य नव्हतं, डॉक्टरांनी तीनच्या सुमारास गर्भपिशवी काढली. बाई जगेल असं दिसतंय, पण रक्त ताबडतोब पाठवा.

पद्मा जगली. आमचं रक्त पोचलं म्हणून जगली, असं दवाखान्याचं पत्रही आलं. शेटे अकराला कळले असते तर पिशवी तीनच्या आत पोचली असती का, आणि पोचली असती तरी ऑपरेशन टळलं असतं का, हे कुणी सांगू शकत नाही. पुढं मी दोन डॉक्टरांना नाव न घेता विचारलं. एक म्हणाले टळलं असतं, एक म्हणाले नसतं.

त्याच संध्याकाळी मी नवी पेटी काढून सीडीवरची जुनी बसवली. पाचही नोंदींतलं लहान अक्षर मोठं केलं. मग मी आमचे प्रमुख डॉक्टर देसाई यांच्याकडं गेले आणि सगळं सांगितलं. आवृत्ती, नववी ओळ, लहान एच. ते लक्ष देऊन ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की पेटीच्या पुढं ते आलेच नाहीत.

"मशीनचं असं व्हायचंच," ते म्हणाले. "तुम्ही वेळेत शोधून काढलंत ना? मग झालं तर."

"डॉक्टर, मशीनचं नाही. मी वाचलं नाही."

"किती मनाला लावून घेता."

ट्रस्टच्या वार्षिक सभेत पाच जणांचा सत्कार झाला. त्यात माझंही नाव. यंत्र नाही म्हणत असताना प्रसंगावधान राखून रक्तदाता शोधला म्हणून. मला उठून सांगता आलं असतं. मी शाल अंगावर घेतली, नारळ घेतला, फोटोला उभी राहिले. फोटोत मी जरा हसलेलीच आहे.

एखाद्या ड्रायव्हरकडून अपघात झाला तर त्याच्यावर ओरडायला दहा माणसं धावतात. मला ओरडायला कुणी नव्हतं, कारण मी काय केलं हे त्या इमारतीत कुणाला कळणारं नव्हतं. गावी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्या त्या काँप्युटरला दृष्ट लागली असंल." मी एकटी राहायचे, लग्न केलं नव्हतं. खोलीवर जाऊन ज्याला सांगावं असं कुणी नव्हतं आणि कामावर ज्याला सांगावं त्याला समजत नव्हतं. मी कामात फार काटेकोर झाले. प्रत्येक बदलाची फाइल शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, प्रत्येक गट शोधून बघायचे, दोनदा, तीनदा. पुढची आठ-नऊ वर्षं आमच्या सर्व्हरवर एकही नोंद चुकली नाही. हे मी अभिमानानं सांगू शकते. पण त्याचा मला उपयोग झाला नाही.

सभेनंतर काही महिन्यांनी, एका रविवारी, मी एस.टी.नं शिरोळकडं गेले. चिठ्ठीवर गावाचं नाव होतं. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस. फाट्यावर उतरून चौगुल्यांचं घर विचारलं.

महावीर अंगणात ट्रॅक्टरचं चाक खोलून बसले होते. मी रक्तपेढीतली म्हणताच हात पुसत उठले. "या, या. पद्मा, कोल्हापूरच्या म्याडम आल्यात गं. रगात धाडलेल्या." पद्मा बाहेर आली. वीस-बावीसची असेल, कडेवर मुलगी. तिनं सतरंजी टाकली, गूळ-पाणी आणलं. मी पाणी प्यायले नाही. आधी सांगून टाकलं.

डॉक्टर देसायांना सांगितलं त्यापेक्षा सोपं करून सांगितलं. यादीत पाच नावं होती. मी एक बदल केला, तो करताना जे वाचायला हवं होतं ते वाचलं नाही, म्हणून यंत्र नाही म्हणालं. शेटे जयसिंगपुरातच होते.

महावीर म्हणाले, "म्हंजे मी मिरजेला गेलतो तवा त्यो मानूस दुकानात बसलावता."

"होय."

"दोनदा त्याच्या दारावरनं गेलो मी. जाताना एकदा, येताना एकदा."

"होय."

ते उठून ट्रॅक्टरकडं गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. पद्मा माझ्याकडं बघत होती. रडली नाही, रागावलीही नाही.

"हे आमाला सांगायला तुमाला कुनी धाडलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही."

"तुमच्या सायबांना ठावं हाय?"

"सांगितलं होतं. त्यांना समजलं नाही."

"मग कशाला आलासा? आमाला काय ठावं न्हवतं. आमी म्हनत हुतो, देवाची करनी."

मी म्हटलं, "मला हे एकटीला सहन होत नव्हतं."

"म्हंजे तुमच्यासाठी आलासा," ती म्हणाली.

"होय."

तिनं मान हलवली. मुलगी माझ्या पर्सच्या बंदाशी खेळत होती, तिचा हात पद्मानं हळूच सोडवून घेतला. "पानी तरी घ्या," म्हणाली, आणि आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

मी पाणी प्यायले आणि निघाले. फाट्यापर्यंतचा रस्ता लांब होता. थोडी चालले असेन, तेवढ्यात मागून मोटारसायकल आली. महावीर होते. "बसा," एवढंच म्हणाले. मी मागं बसले. त्यांनी मला फाट्यावर आणलं.

मला वाटलं उतरवून ते परत जातील. ते गाडी बंद करून रस्त्याकडं बघत उभे राहिले. दोन बैलगाड्या गेल्या, एक ट्रक गेला.

"सांगितलं ते बरं केलं, म्याडम," ते म्हणाले. "मी तुमाला वंगाळ म्हननार न्हाय. पन परत येऊ नका. तिला आता कुठं झोप लागाय लागली हुती."

"बरं," मी म्हटलं.

लांबून एस.टी. दिसली. तिथं अधिकृत थांबा नव्हता, गाड्या थांबतच असं नाही. महावीर रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर करून उभे राहिले. ड्रायव्हरनं शिव्या देत गाडी थांबवली. मी चढले, बसायला जागा मिळाली, आणि खिडकीतून मागं बघितलं तेव्हा ते अजून रस्त्यातच उभे होते.